वेडाच्या खात्यात जमा

व्हॅन गॉगची गोष्ट आपल्याकडे आता आख्यानासारखी पाठ झाली आहे. जन्मभर दारिद्र्य, जन्मभर उपेक्षा. उभ्या आयुष्यात एकच चित्र विकलं गेलं. मग वेड लागलं. वेडाच्या भरात कान कापून वेश्येला नेऊन दिला. त्याच भरात आकाशात भोवरे रंगवले. शेवटी गव्हाच्या शेतावरचे कावळे रंगवले आणि तिथेच गोळी झाडून घेतली. तो गेल्यावर जगाला जाग आली. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे हे सांगतात, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरातले वक्ते सांगतात, रोज पहाटे सुप्रभात पाठवणारे काका सांगतात. चार पेग झाल्यावर एखादा कवीही सांगतो, फक्त त्याच्या सांगण्यात व्हॅन गॉगच्या जागी हळूहळू तो स्वतः येऊन बसतो. तात्पर्यं ठरलेली. एक, हार मानू नका. दोन, प्रतिभा आणि वेड या सख्ख्या बहिणी. ही दोन्ही एका दमात सांगताना कोणाची जीभ अडखळत नाही. चित्रं वेडातूनच उसळून येत असतील, तर हार न मानण्याशी त्यांचा काय संबंध? वेडाला कुठे चिकाटी लागते?

गोष्ट करुण आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यातली बरीच वाक्यं चुकीची आहेत, जी खरी आहेत ती भलत्या ठिकाणी जोडलेली आहेत, आणि या सगळ्याचा परिणाम असा की दहा वर्षं ढोरमेहनत केलेल्या एका कारागिराची कमाई आपण त्याच्या आजाराच्या नावावर जमा करतो. राग याचा आहे.

आधी त्या ‘एकाच चित्रा’चा निकाल लावू. १८९० च्या सुरुवातीला ब्रुसेल्सला ‘ले व्हँ’ या गटाच्या प्रदर्शनात व्हॅन गॉगची सहा चित्रं होती. त्यातलं ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ॲना बॉक या चित्रकर्तीने ४०० फ्रँकला घेतलं. इतकं खरं. पण ‘एकच’ हा शब्द कुठून आला? १८८२ मध्ये, द हेगला असताना, ॲम्स्टरडॅममध्ये चित्रविक्री करणाऱ्या त्याच्या कॉर काकाने द हेग शहराची बारा रेखाचित्रं मागवली, पैसे दिले आणि वर आणखी काहींची मागणी नोंदवली. काकाने घेतलेलं मोजायचं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याकडच्या चित्रकारांचे पहिले गिऱ्हाईक कोण असतात ते एकदा विचारून पाहावं.

याहून महत्त्वाचा व्यवहार दोघा भावांमधला आहे. धाकटा भाऊ थिओ त्याला दरमहा पैसे पाठवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १८८४ मध्ये व्हिन्सेंटने त्याला सुचवलं, की हे पैसे दान म्हणून नकोत, मोबदला म्हणून दे; मी काढेन ती चित्रं तुझी. पुढे हा करार चालू राहिला. थिओ पॅरिसमध्ये बड्या आर्ट गॅलरीच्या शाखेचा व्यवस्थापक होता, भाबडा भाऊ नव्हता. म्हणजे व्हॅन गॉगची बहुतेक चित्रं विकली गेली नाहीत याचं एक साधं कारण असं, की ती आधीच एका माणसाच्या मालकीची होत होती आणि तो माणूस बाजार तयार व्हायची वाट पाहत होता.

आणि बाजार तयार होत होताच. जानेवारी १८९० मध्ये आल्बेर ओरिए या तरुण समीक्षकाने पॅरिसच्या ‘मर्क्यूर द फ्रान्स’ मासिकात त्याच्यावर मोठा, गौरवाचा लेख लिहिला. ब्रुसेल्सला एका चित्रकाराने त्याच्या चित्रांची टर उडवली, तेव्हा तुलूझ-लोत्रेक त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान द्यायला उभा राहिला. मार्चमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची दहा चित्रं लागली आणि त्या अख्ख्या प्रदर्शनात हीच सर्वांत सरस, असं क्लोद मोने म्हणाल्याचं थिओने त्याला कळवलं. कुंचला गंभीरपणे हातात धरल्याला जेमतेम दहा वर्षं झालेली, वय सदतीसच्या आत, आणि कौतुक करणारा कोण, तर मोने. याला उपेक्षा म्हणायचं असेल तर आपल्याकडच्या किती चित्रकारांना अशी उपेक्षा चालेल? ओरिएच्या लेखावर खुद्द व्हॅन गॉगची प्रतिक्रियाही आख्यानात बसणारी नाही. त्याने आभार मानले आणि लिहिलं, की हे श्रेय माझ्याआधी मोंतिचेल्ली आणि गोगँ या चित्रकारांना द्यायला हवं होतं.

दारिद्र्याचंही तसंच. तो खंगलेला असायचा, पाव आणि कॉफीवर दिवस काढायचा, हे खरं आहे. पण का? थिओकडून महिन्याला साधारण दीडशे फ्रँक यायचे, शिवाय रंग आणि कॅनव्हास पॅरिसहून वेगळे. आर्लमधला त्याचा मित्र रुलँ, तोच तो दाढीवाला टपाल कर्मचारी, याचा पगार होता १३५ फ्रँक आणि त्यात बायको आणि तीन मुलं. हा आकडा खुद्द व्हॅन गॉगनेच पत्रात नोंदवून ठेवला आहे. त्याचे पैसे कॅनव्हासवर जात होते, मॉडेलना जात होते, आर्लमधल्या त्याच्या ‘पिवळ्या घरा’च्या फर्निचरला जात होते. तो पोट मारून धंद्यात भांडवल घालत होता. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. त्याचे तीन काका चित्रांच्या व्यापारात होते. तो स्वतः सोळाव्या वर्षी गूपिल कंपनीत लागला आणि द हेग, लंडन, पॅरिस अशा शाखांतून सुमारे सात वर्षं चित्रं विकत होता. जगाने न समजलेला भोळा सांब शोधायचा असेल तर दुसरं घर पाहा. हा माणूस दुकानाच्या आतून आला होता.

आता मूळ मुद्दा, वेडाचा.

लोकांना असं वाटतं की तो उन्हात उभा राहायचा, अंगात यायचं आणि चित्र व्हायचं. तर हिशेब असा. सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवल्यावर त्याने पहिलं काम काय केलं? शार्ल बार्गच्या चित्रकलेच्या अभ्यासक्रमातले तक्ते मागवले आणि शाळकरी पोरासारखे ते एकेक करून गिरवले. ते संपल्यावर पुन्हा गिरवले. नात्यातल्या आंतोन मोव्ह या नावाजलेल्या चित्रकाराकडे शिकायला गेला. यथार्थदर्शन हाताला बसेना, म्हणून तारा ताणलेली एक लाकडी चौकट बनवून घेतली आणि ती खांद्यावर टाकून समुद्रकिनारी, शेतात हिंडला. ‘बटाटे खाणारे’ या १८८५ च्या चित्राआधी त्याने त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे चाळीसेक अभ्यास रंगवले. अँटवर्पच्या अकादमीत गेला, तिथे पटलं नाही, मग पॅरिसला कोर्मोंच्या स्टुडिओत जाऊन पुतळे रेखाटत बसला. जपानी छापचित्रं शेकड्यांनी विकत घेतली, हिरोशिगेची दोन तैलरंगात उतरवून काढली. आणि ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात त्याची एक लाखेची लाल पेटी आहे. तिच्यात रंगीत लोकरीचे छोटे छोटे गुंडे आहेत, दोन-दोन तीन-तीन रंगांचे धागे एकत्र पिळलेले. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी पेटतो आणि कुठल्याशेजारी विझतो, हे तो रंगाची नळी उघडण्याआधी लोकरीवर पाहायचा. माझ्या मते त्याचा कान राहू द्या, पण ही पेटी दहावीच्या पुस्तकात छापली पाहिजे.

हे सगळं करणाऱ्या माणसाला आपण ‘अंगात आलेला’ म्हणतो.

वेडवादी मंडळींचा आवडता पुरावा म्हणजे ‘बेडरूम’ हे चित्र. खोली वाकडी, पलंग अंगावर येतो, भिंती गार निळ्या. पाहा, मन ढळलेलं कसं दिसतं! असं वर्णन मी चांगल्या चांगल्या रसिकांच्या तोंडून ऐकलं आहे. वस्तुस्थिती अशी की पिवळ्या घरातली ती खोलीच वाकडी होती; मागची भिंत काटकोनात नव्हती. आणि भिंती निळ्या नव्हत्याच. पत्रात तो त्या फिकट जांभळ्या असल्याचं लिहितो, आणि चित्राने पाहणाऱ्याला विसावा वाटावा असंही लिहितो. मग आज निळ्या का? कारण जांभळ्यातला लाल रंग उजेडाने उडून गेला. ज्याला आपण विषण्ण मन समजून हळहळतो ती रसायनशास्त्रातली एक साधी घटना आहे. त्याला याची कल्पना नव्हती असंही नाही. सध्या चलतीत असलेले रंग टिकणारे नाहीत, म्हणून ते आत्ताच जरा भडक लावावेत, काळ त्यांना मवाळ करीलच, असं त्याने १८८८ मध्येच थिओला लिहून ठेवलं आहे. वेड्याला आपला रंग किती वर्षांनी किती उतरेल याची चिंता असते का?

पिवळ्याचं तर विचारूच नका. कोणी म्हणतं औषधाने त्याला सगळं पिवळं दिसायचं, कोणी म्हणतं ॲबसिंथच्या दारूने, कोणी तर म्हणतं की आनंदी वाटावं म्हणून तो पिवळा रंग खायचा. पहिल्या दोन कल्पना जरा विचार केला तरी कोसळतात. ज्याला सगळंच पिवळं दिसतं त्याला कॅनव्हासवरचा पांढराही पिवळाच दिसणार. तो जास्तीचा पिवळा कशाला लावेल? आणि त्याच काळातली त्याची निळी, जांभळी, हिरवी चित्रं कोणी काढली? पिवळा त्याने निवडला, कारण समोर निळा किंवा जांभळा ठेवला की तो झळाळतो. हे तो पुस्तकात वाचून, लोकरीवर पडताळून शिकला होता. रंग खाण्याची गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच जास्त संताप आणणारी. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात झटका आलेला असताना त्याने रंग तोंडात घातले. ती विषबाधा होती. डॉक्टरांनी त्याचे रंगच काढून घेतले. मरणाच्या दारातल्या माणसाच्या त्या कृत्याचं आपण ‘आनंद गिळणारा कलावंत’ असं स्टिकर करून विकतो.

राहिली ‘तारांकित रात्र’. जून १८८९. तो त्या रुग्णालयात स्वतःहून दाखल झाला त्याला महिना उलटलेला. खिडकीतून पहाटेचं आकाश दिसायचं, शुक्रही दिसायचा. पण रंगवायची जागा खाली वेगळी होती आणि चित्र त्याने दिवसाउजेडी तिथे रंगवलं. खालचं गाव खिडकीतून दिसतच नव्हतं. ते त्याने रचून घातलं. म्हणजे निरीक्षण एका वेळी, रचना दुसऱ्या वेळी, रंग तिसऱ्या ठिकाणी. सँ-रेमीतला पहिला मोठा झटका जुलैच्या मध्यावर आला, हे चित्र वाळत ठेवल्यानंतर. आणि आपल्या मोबाइलच्या कव्हरवर, मगवर, छत्रीवर छापलेल्या या चित्राबद्दल चित्रकाराचं स्वतःचं मत काय होतं? फसलं, असं. तारे पुन्हा उगाच मोठे काढून बसलो, या अर्थाचं त्याने पुढे चित्रकार मित्र एमिल बर्नारला लिहिलं. मला तो इथे चुकला असं वाटतं, पण चुकला तो एक कठोर परीक्षक म्हणून.

मग आजारपणात त्याने काहीच काढलं नाही का? काढलं, आणि तिथेच या सिद्धांताचं पितळ उघडं पडतं. ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचं एक आत्मचित्र आहे. खांदे पडलेले, नजर तिरकी, रंग मळकट हिरवा-तपकिरी. ते त्याचंच का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२० मध्ये तज्ज्ञांनी ते त्याचंच असल्याचं सांगितलं, १८८९ च्या उन्हाळ्याअखेरचं, आजाराच्या ऐन विळख्यातलं. त्याने स्वतःही पत्रात आजारी असतानाचा प्रयत्न म्हणून एका आत्मचित्राचा उल्लेख केला आहे. १८९० च्या वसंतातल्या लांबलेल्या झटक्यात त्याने उत्तरेच्या आठवणी म्हणून काही झोपड्या आणि शेतकरी काढले. हात चाचपडतोय हे तिथे कळतं. वेडाची खरी निर्मिती हवी असेल तर ती ही आहे. हिची छत्री कोणी छापली आहे का?

आणि उलट बाजू पाहा. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री कान कापला. जानेवारीच्या सुरुवातीला इस्पितळातून घरी आला. त्याच महिन्यात बसून त्याने काय केलं, तर ऑगस्टमधल्या आपल्याच ‘सूर्यफुलां’च्या शांतपणे नव्या प्रती रंगवल्या, फूल न् फूल जुळवत, पण रंगाचे बारकावे बदलत. ॲम्स्टरडॅमला ज्या सूर्यफुलांपुढे रांगा लागतात ती ही.

कानाच्या प्रकरणावर मला फार बोलायचं नाही, पण एक गंमत सांगितलीच पाहिजे. किती कान कापला, पाळी की अख्खा, यावर शंभर वर्षं चर्चा चालली. बर्नाडेट मर्फी या संशोधक बाईंनी २०१६ मध्ये पुरावा प्रसिद्ध केला: उपचार करणारे डॉक्टर फेलिक्स रे यांनी स्वतः काढलेली आकृती, जवळजवळ अख्खा कान गेल्याची. तो कागद होता कुठे? आयर्विंग स्टोनच्या कागदपत्रांत. ज्याच्या ‘लस्ट फॉर लाइफ’ कादंबरीने हे सगळं आख्यान घरोघरी पोचवलं त्याच्याच कागदांत, १९३० पासून. आणि ती ‘वेश्या’ कोण? मर्फींच्या शोधानुसार गाब्रिएल नावाची एक शेतकऱ्याची मुलगी, कुत्रा चावल्यावर झालेल्या उपचारांचं देणं फेडण्यासाठी वेश्यावस्तीत साफसफाईची कामं करणारी. कादंबरीकाराला सवलत असते. पण त्या मुलीची शंभर वर्षं झालेली बदनामी कोणाच्या खात्यात टाकायची?

कावळ्यांचं चित्रही अखेरचं नाही. ते जुलै १८९० च्या पहिल्या पंधरवड्याचं. अखेरचं चित्र ‘झाडांची मुळं’, अर्धवट राहिलेलं. रस्त्याकडेच्या ज्या उतारावर ती मुळं होती तो ओव्हेर या त्याच्या अखेरच्या मुक्कामातला उतार २०२० मध्ये एका जुन्या पोस्टकार्डावरून ओळखूही आला. पण ‘लस्ट फॉर लाइफ’वरच्या १९५६ च्या हॉलिवूड सिनेमाला मुळांपेक्षा कावळे सोयीचे होते.

यावर मला एक उत्तर ठरलेलं मिळतं: ‘तपशील सोडा हो, आजाराशिवाय ही चित्रं झालीच नसती.’ कशावरून? ओव्हेरच्या सत्तर दिवसांत सत्तरच्या वर चित्रं करणारा, दहा वर्षांत साडेआठशेच्या वर तैलचित्रं मागे ठेवणारा हा माणूस झटका आला की आठवडेच्या आठवडे हात बांधल्यासारखा पडून असायचा. पत्रांत तो आजाराचे आभार मानत नाही. तो गेलेल्या दिवसांचा हिशेब मांडतो, आणि डॉक्टरांना सांगून रंग परत मिळवून दे म्हणून भावाला विनवतो. काम हाच आपला उपचार, असं तो म्हणतो. आपण नेमकं उलटं म्हणतो: आजार हेच त्याचं काम. यातून काय होतं? घरातला एखादा पोरगा रात्र-रात्र झोपत नाही, भेसूर बोलतो, तेव्हा त्याला डॉक्टरांकडे न्यायचं सोडून मित्र म्हणतात, राहू दे, कलावंत आहे. गोळ्या घेतल्या तर प्रतिभा जाईल म्हणणारे शहाणे मी पाहिले आहेत. व्हॅन गॉगला चालणारी गोळी मिळाली असती तर त्याने ती घेतली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेला असता, असंच त्याची पत्रं वाचून वाटतं.

आणि ‘मेल्यावर जगाला जाग आली’ हे तर सगळ्यांत लबाड वाक्य. जगाला आपोआप जाग येत नसते. व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये, थिओही गेला. मागे राहिली त्याची अठ्ठावीस वर्षांची बायको योहाना, म्हणजे यो, इंग्रजीची शिक्षिका. कडेवर वर्षाचं मूल, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत, आणि घरभर कोणाला नको असलेली शेकडो चित्रं. ती हॉलंडला परतली, बुसुमला खानावळीसकट बोर्डिंग चालवलं, आणि समीक्षकांना, दुकानदारांना, संग्रहालयांना पत्रं लिहीत राहिली. कुठलं चित्र विकायचं, कुठलं फक्त प्रदर्शनात ठेवून किंमत वाढवायची, याचं तंत्र तिने बसवलं आणि हयातभरात दोनशेच्या आसपास चित्रं विचारपूर्वक विकली. १९०५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाची दालनं भाड्याने घेऊन तिने साडेचारशेवर कलाकृतींचं प्रदर्शन भरवलं. १९१४ मध्ये भावांची पत्रं छापली. त्याच वर्षी थिओचे अवशेष आणून व्हिन्सेंटशेजारी ओव्हेरला पुरले. १९२४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला ‘सूर्यफुलं’ दिली, आधी नाही म्हणून, मग मोठ्या कष्टाने हो म्हणून. १९२५ मध्ये गेली तेव्हा पत्रांचं इंग्रजी भाषांतर हातात होतं. चौतीस वर्षं हे चाललं. आपल्या आख्यानात तिला एक ओळ नाही. वेड्या पुरुषाला ओव्या आणि हिशेब ठेवणाऱ्या बाईला रजा, ही वाटणी आपल्याला परकी नाही म्हणा.

हे आख्यान इतकं लाडकं का, याचं कारण मला तरी एकच दिसतं: ते सगळ्यांची सोय पाहतं. रसिकाची, कारण चित्र बघायला वेळ आणि डोळा लागतो, गोष्टीला फक्त हळवेपणा. विकणाऱ्याची, कारण १९९० मध्ये त्याने काढलेलं ओव्हेरच्या डॉ. गाशेंचं व्यक्तिचित्र सव्वाआठ कोटी डॉलरला गेलं तेव्हा त्यात रंगाइतकीच शोकांतिकाही विकली गेली. आणि आळशी कलावंताची तर फारच, कारण बार्गचे तक्ते गिरवण्यापेक्षा विक्षिप्त वागणं सोपं आहे.

व्हॅन गॉग आजारी होता आणि थोर चित्रकार होता. यातलं दुसरं पहिल्यामुळे घडलं नाही. पहिल्याशी झगडून, पहिल्यातून वेळ चोरून घडलं. यो हे ओळखून होती. चित्रांना मान मिळण्याआधी माणसाबद्दल कुतूहल जागवलं तर तो गेलेल्या चित्रकारावर अन्याय होईल, म्हणून पत्रं इतकी वर्षं थांबवली, असं तिने १९१४ च्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. ती पत्रं आता इंग्रजीत, टिपांसकट, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. १८८८ च्या उन्हाळ्यापासून सुरुवात करा. वेडा शोधायला जाल तर पानोपानी निराश व्हाल. तिथे रंगांच्या नळ्यांच्या याद्या आहेत, कॅनव्हासचे भाव आहेत, आणि कुठल्या हिरव्याशेजारी कुठला लाल ठेवायचा याची न संपणारी चर्चा आहे.